लागेल कधीतरी

(मुलुंडमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'रोजच्या वापरातल्या पिकअपचं वजन कसं कमी करावं'. छापणाऱ्याने 'पिकअपचं' गाळलं असतं तर आज हॉल भरला असता. असो. पहिल्या रांगेत तीन डेकोरेटर, एक केळीवाले आणि आमचे व्याही दिसताहेत, म्हणजे सभा जाणकारांची आहे.

भावाबरोबर माझा मंडपाचा धंदा होता. धंदा मिटला, गाडी उरली. ती विकवत नाही, म्हणून रोज तिनेच मुलुंडहून परळला जातो. पुढे मी एकटा, मागे रिकामा हौदा. निदान माझी तशी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राचं भंगार वडाळ्याला नेलं. भंगार उतरवल्यावर वजनकाट्यावरच्या पोराने रिवाजाप्रमाणे रिकाम्या गाडीची चिठ्ठी फाडली: 1,960 किलो. आरसीवर रिकामं वजन 1,715. मी म्हटलं, काटा चुकतोय. तो म्हणाला, "काका, काटा तपासलेला आहे. तुम्ही गाडी तपासा."

अपमान म्हणजे तरी काय! रविवारी मी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला त्याच्या टांगत्या काट्यासकट बिल्डिंगखाली आणलं आणि गाडी रिकामी करायला घेतली. सीटमागून दोन जॅक निघाले, त्यातला एक काहीच उचलत नाही. एक मेलेली बॅटरी, नवी घेताना बदल्यात द्यायची राहिलेली. ओला सुंभ. पोत्यातच दगड झालेलं अर्धं पोतं सिमेंट, पोत्याच्या घड्यांसकट. आणि झांजांचा एक जोड. कुणाचा, देव जाणे. दर वस्तूला गॅलरीतून बायको विचारायची, "हे कशाला ठेवलंत?" आणि मी म्हणायचो, "लागेल कधीतरी." पाचव्या वस्तूला माझ्या आधी रद्दीवालाच म्हणाला, "लगेगा, भाभी, कभी तो लगेगा." एकूण 46 किलो.

पावसात मागची चाकं घसरू नयेत म्हणून टाकलेल्या वाळूच्या दोन गोण्या, 60 किलो. पुढचा लोखंडी गार्ड 34. त्याचं दुःख सांगतोच. दुकानदार म्हणाला होता, "शेठ, सेफ्टी आहे." कुणाची? समोरच्या पादचाऱ्याच्या पायाला विचारा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. मी पैसे देऊन बसवलेला गार्ड पैसे देऊनच काढला. दुकानदार तोच.

उरले 105 किलो. ते हौद्याच्या तळाशी होते. मंडपाच्या खांबांनी तळाला भोकं पडली म्हणून भावाने वरून चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पोलादी पत्रा, ठोकली होती. ती काट्याला टांगता येईना, म्हणून हिशेब मांडला. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचं पोलाद म्हणजे 7.85 किलो. प्लेट तीन मिलिमीटरची, हौदा अडीच मीटर लांब, 1.7 मीटर रुंद. शंभर किलो झाले, वरचे उठावाचे ठसे वेगळे. खांब गेले, भाऊ गावी गेला, आणि मी त्यांची प्लेट रोज परळला हिंडवत होतो!

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली म्हणे. पत्रिकेवरचा विषय आता सुरू करतो, भराभर ऐका.

वजन खरं नडतं ते गाडी उठताना. किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता, प्रत्येक सिग्नलला डिझेल जाळून गाडी उठवायची आणि ब्रेक दाबून ती मेहनत चाकाशी उष्णता करून उधळायची. मोकळ्या हायवेवर वेगात वारा जास्त खातो. आपल्याकडे वारा लागण्याइतका वेग येतोय कुठे? अमेरिकेच्या सरकारी अंदाजाने 45 किलो जादा वजनामागे मायलेज साधारण एक टक्क्याने घटतं. माझी गाडी लिटरला 11 द्यायची, आता साडेअकराच्या आसपास देते. अर्धा किलोमीटर. हसू नका, रोज जाऊन-येऊन आहे.

प्लेटच्या जागी 12 मिलिमीटरचा प्लाय टाकला, तीस-पस्तीस किलोत भागलं. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण पत्रा जाड घ्यावा लागतो, म्हणून बचत तेवढी होत नाही. तरी फोर्डने 2015 च्या एफ-150 या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली तेव्हा गाडी तीनशे किलोंहून अधिक उतरल्याचं कंपनीने सांगितलं होतं. आपण मात्र आरटीओला विचारल्याशिवाय बॉडीला कटर लावायचा नाही. टाकी अर्धीच भरली तर वीस-पंचवीस किलो वाचतात, पण पंपावरच्या रांगेत दुप्पट उभं राहायचं. मी करत नाही. स्टेपनी आणि चालणारा जॅक काढायचा नाही. पाटेही, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगाही, काढायचे नाहीत. ते भरल्या गाडीसाठी असतात, म्हणून रिकामी गाडी उडते, आणि हलकी केल्यावर आणखी उडते, हे कबूल करतो.

मागचा धुरा, म्हणजे ॲक्सल, हलका झाला की ओल्या रस्त्यावर चाकांची पकड सुटते. जून लागला, सायनच्या पुलावर मागचं चाक एकदा सरकलं, आणि वाळूच्या गोण्या मुकाट्याने परत आल्या. नीट बांधून, धुऱ्याच्या वर. दसऱ्याला काढतो.

बेल वाजली. झांजा कुणाच्या ते अजून कळलेलं नाही. इथे कुणाच्या असतील तर घेऊन जा, खाली गाडीतच आहेत.