एक लेखिका, एक घर आणि 351 चा हिशेब

[दृश्य: मोकळी हिरवी जमीन. मधोमध लाकडी पोताचा एकच ठोकळा.]

हे सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने 2003 मध्ये खुलं केलेलं आभासी जग. या लेखिकेला इथे घर बांधायचंय आणि नव्या पुस्तकाचं वाचनही ठेवायचंय.

प्रीमियम सदस्यत्वात 1024 चौरस मीटर जमिनीचं भाडं धरलेलं असतं. मेनलँडवर, म्हणजे लिंडन लॅबच्या सामायिक भूभागावर, एवढी जमीन 351 लँड इम्पॅक्टचा भार पेलते. जमिनीवर मांडलेल्या वस्तूंचा भार याच एककात मोजतात. साधा ठोकळा, म्हणजे प्रिम, भार 1. हौसेने घेतलेला एखादा कोरीव सोफा एकटाच 15-20 खातो. म्हणून वाचनाचा वाटा आधी बाजूला काढावा: घराला 200, वाचनाच्या ओट्याला 100, उरलेले 51 मोकळे. ऐन कार्यक्रमात जास्तीच्या खुर्च्या लागतात, तेव्हा ते उपयोगी पडतात.

लिंडन होम नावाची तयार घरंही मिळतात, आणि ती देखणी आहेत. पण ती फक्त राहण्यासाठी. तिथे दुकान मांडता येत नाही. पुस्तक विकायचं, तर स्वतःचा प्लॉट हवा.

[दृश्य: भिंती उभ्या राहतात.]

छत 5 मीटरवर ठेवा. कॅमेरा अवताराच्या, म्हणजे या जगातल्या आपल्या रूपाच्या, मागे आणि वर असतो. खऱ्या घराच्या उंचीचं छत घातलं, तर पाहुण्याला खोलीऐवजी कौलं दिसतात. प्रिमची बाजू 64 मीटरपर्यंत वाढते, त्यामुळे अख्खी जमीन एका तुकड्यात होते.

खरी मेख दारात आहे. प्रिम स्वतःच्या मध्याभोवती फिरतो, म्हणून साधं दार बिजागरीवर उघडत नाही, मधल्या खिळ्यावर गरगरतं. दीड मीटरचं दार हवं असेल, तर 3 मीटर रुंद ठोकळा घ्यायचा आणि पाथ कट, म्हणजे ठोकळ्याचा भाग कापणारी सेटिंग, 0.375 ते 0.875 करायची. अर्धा भाग नाहीसा होतो आणि फिरण्याचा मध्य बरोबर कडेला येतो.

भार वाचवण्यासाठी भिंतींचा फिजिक्स प्रकार, म्हणजे धडकेसाठी धरला जाणारा आकार, कॉन्व्हेक्स हल केला जातो. त्यात पोकळी धरली जात नाही, फक्त बाहेरचं आवरण धरलं जातं. दाराची जागा पोकळ कोरलेली असेल, तर ती दिसते मोकळी, पण अवतार तिथे आपटतो. त्या भिंतीला प्रिम हाच प्रकार ठेवा.

[दृश्य: ओट्यावर पुस्तकाचा स्टँड.]

स्टँडला हात लावला, की नोटकार्ड, म्हणजे मजकुराची चिठ्ठी, मिळतं: पुस्तकाचा उतारा आणि जागेचा लँडमार्क, म्हणजे इथे पोहोचवणारा पत्ता. नोटकार्डला कॉपीची परवानगी नसेल, तर पहिल्याच वाचकाला ते जातं आणि स्टँड रिकामा होतो. दुसऱ्या अवताराने येऊन तपासल्याशिवाय हे कळत नाही.

मराठी पुस्तकासाठी आणखी एक अडचण. चॅटचा एक संदेश जेमतेम 1024 बाइटचा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. म्हणजे साधारण 340 चिन्हांतच संदेश भरतो. उताऱ्याची पानं चित्र करून लावलेली बरी: 1024 बाय 1024 पिक्सेलचं चित्र चढवायला 10 लिंडन डॉलर, म्हणजे इथल्या चलनात. साधं चॅट 20 मीटरपर्यंतच पोहोचतं. श्रोत्यांची शेवटची रांग त्याच्या आत हवी.

वेळेचा विचार सर्वांत आधी करावा, असं आमचं ठाम मत आहे. इथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. दुपारी बाराची वेळ जाहीर केली, तर भारतात उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. सकाळी सात धरले, तर पुण्यात संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात, आणि लंडनचा मराठी वाचकही जागा असतो.

शेजाऱ्याच्या क्लबात त्या वेळी मैफल आहे का, हेही पाहा. एका रिजनमध्ये, म्हणजे शेजारचे प्लॉट मिळून बनलेल्या जमिनीच्या एका चौकोनात, किती अवतार मावतात, याला मर्यादा असते. ती शेजारीच भरली, तर वाचक दाराशीही पोहोचत नाही.

आणि मदतीला आलेल्या मित्रांनी खुर्च्या मांडल्या असतील, तर त्या जमीन ज्या ग्रुपला जोडलेली आहे, त्याच ग्रुपवर लावून घ्या. नाहीतर ऑटो रिटर्न, म्हणजे परक्या वस्तू आपोआप परत पाठवणारी सोय, सुरू असताना ठरलेली मिनिटं संपली, की खुर्च्या आपापल्या मालकाच्या लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये परत जातात, वाचन चालू असलं तरी.