चीड आणि चिथावणी

[दृश्य : पालघर स्टेशन. लोकल फलाटाला लागते, माणसं उतरतात.]

18 नोव्हेंबर 2012. रविवार. मुंबईत शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांचा अंत्यविधी. रस्त्यांवर माणसांचा समुद्र, दुकानांची शटरं खाली. विरारच्या पुढे, पालघरमध्ये, विशीतल्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मथितार्थ एवढाच : माणसं रोज जातात, जग चालूच राहतं, आणि आजचा हा बंद आदरापोटी नाही, धास्तीपोटी आहे. शिवी नाही, धमकी नाही. तिच्या मैत्रिणीने त्या पोस्टला लाइक दिलं.

संध्याकाळी जमाव गोळा झाला. मुलीच्या काकांचा दवाखाना फुटला. तिने पोस्ट काढली, माफीही मागितली, तरी दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली. लिहिणारीला, आणि लाइक करणारीलाही. आपल्याकडे कर्जाच्या कागदावर अंगठा उठवून पस्तावलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फेसबुकवर अंगठा दाखवून कोर्टात उभं राहायची वेळ बहुधा यांच्यावरच आधी आली.

पोलिसांनी आधी भारतीय दंड संहितेचं कलम 295अ लावलं, धार्मिक भावना दुखावल्याचं. या मजकुरात धर्म कुठे, हे लक्षात आल्यावर ते काढून 505(2) लावलं, गटागटांत तेढ पसरवल्याचं. सोबतीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ. कोर्टाने प्रत्येकी 15 हजारांच्या जामिनावर सोडलं. देशभर आरडाओरडा झाला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली, आणि काही महिन्यांत प्रकरण बंद झालं.

पण आमची ही गोष्ट त्या 66अ ची आहे.

[दृश्य : कायद्याच्या पुस्तकाचं पान, बोट ओळींवरून सरकतं.]

डिसेंबर 2008 मध्ये संसदेत मंजूर झालेलं हे कलम ऑक्टोबर 2009 पासून लागू झालं. कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’ काही पाठवलं, किंवा खोटी माहिती पाठवून कुणाला चीड आणली, कुणाची गैरसोय केली, कुणाचा अपमान केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय! लोकल बारा मिनिटं उशिरा आली की लाउडस्पीकरवरची बाई प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करते. त्याच शब्दाला इथे तीन वर्षं होती.

हे शब्द काही आपल्या खासदारांच्या डोक्यातून आलेले नाहीत. 1898 च्या पोस्ट ऑफिस कायद्यात ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकुराची बंदी होती, पण कशावर? टपालाच्या बाहेरच्या बाजूवर, म्हणजे उघड्या पोस्टकार्डावर किंवा पाकिटाच्या पाठीवर, जिथे वाटेतल्या कुणाचीही नजर पडेल. पुढे 1935 मध्ये इंग्लंडने हेच शब्द टेलिफोनला लावले. मग ते इंटरनेटवर आले. पोस्टमनच्या पिशवीसाठी शिवलेला सदरा सगळ्या देशाच्या अंगात घालायचा, तर तो कुठेतरी उसवणारच.

पालघरच्या बातमीनंतर काही दिवसांतच श्रेया सिंघल ही तरुणी या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हाचे सरन्यायाधीश अल्तमस कबीर म्हणाले, आजवर या कलमाला कुणी आव्हान कसं दिलं नाही, याचंच आम्हाला नवल वाटत होतं.

24 मार्च 2015. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी 66अ घटनाबाह्य ठरवलं. निकालपत्र नरिमन यांनी लिहिलं. घटनेच्या 19(2) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधनं कशासाठी घालता येतात, त्याची यादी आहे : सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. त्या यादीत चीड नाही, गैरसोय तर नाहीच. न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या. एखाद्या विषयावर चर्चा करणं, त्याची तरफदारी करणं, आणि त्यासाठी चिथावणी देणं. कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर. मराठीत चीड आणि चिथावणी हे शब्द कानाला किती जवळचे वाटतात. पण चीड ऐकणाऱ्याच्या पोटात असते आणि चिथावणी बोलणाऱ्याच्या तोंडात.

निकालातला एक दाखला इंग्लंडचा आहे. जानेवारी 2010. बर्फामुळे विमानतळ बंद, एक तरुण वैतागला. विमानतळ लवकर सुरू झाला नाही तर उडवून देतो, असं त्याने ट्विटरवर लिहिलं. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं. अपिलातही दोषी. 2012 मध्ये हायकोर्टाने सोडलं : थट्टा आहे हो ही! माणूस तोच, वाक्य तेच, कायदाही तोच. नरिमन यांचा मुद्दा साधा होता. आयुष्य कायद्यात घालवलेल्या न्यायाधीशांना जे एकसारखं मोजता येत नाही, ते सामान्य माणसाने पोस्ट टाकण्याआधी कसं मोजायचं? आणि ठाणे अंमलदाराने तरी?

[दृश्य : साक्री तालुका. माळरान, लांबवर गाव.]

आता याच्या उलट बाजूचं. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ‘शब्दाने काय होतं’ असं सहज म्हणणाऱ्याने हे गाव एकदा डोळ्यांसमोर आणावं. आम्हीही चित्रीकरण ठरवताना यावर बरंच भांडलो. पण नीट बघितलं तर राईनपाड्यात कुणाला चीड आली नव्हती. खोटं पसरलं होतं, भीती पेटली होती, आणि त्यासाठी अफवेची आणि खुनाची कलमं आधीपासून होती. 66अ असतं तरी त्या पाच जणांच्या काय कामाचं होतं?

[दृश्य : लातूर. गांधी चौक, पोलीस ठाण्याची पाटी.]

2015 च्या त्या निकालाचे पेढे पचायच्या आत, बरोबर 51 दिवसांनी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक निकाल दिला. हा एका मराठी कवितेचा होता.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’. मूळ प्रकाशन 1980 च्या दशकातलं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, सभासदांपुरत्या निघणाऱ्या अंकात ती पुन्हा छापली गेली. पुण्यातल्या पतित पावन संघटनेच्या एका सदस्याने तक्रार केली. गुन्हा नोंदवला गेला लातूरच्या ठाण्यात. ठाण्याचं नाव गांधी चौक पोलीस ठाणं. हे कुणी नाटकात लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं.

तेढ वाढवल्याची कलमं 2001 मध्ये मॅजिस्ट्रेटनेच गाळली. उरलं 292, अश्लीलतेचं. ते घेऊन कविता लातूरहून औरंगाबाद खंडपीठाकडे आणि तिथून दिल्लीला गेली. दिल्लीत न्यायालयाचे मित्र म्हणून, म्हणजे कुणाचीच बाजू न घेता न्यायालयाला मदत करणारे वकील म्हणून, फली नरिमन उभे राहिले. हे 66अ रद्द करणाऱ्या न्यायमूर्तींचे वडील. त्यांचं म्हणणं होतं की मजकूर अश्लील असेल तर तो कुणाच्याही तोंडी अश्लीलच. गांधींसारख्या थोर माणसाच्या तोंडी घातला म्हणून नवा गुन्हा तयार होत नाही.

न्यायालयाला ते पटलं नाही. 14 मे 2015 च्या निकालात न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांनी काव्यस्वातंत्र्याचं भरभरून कौतुक केलं, आणि मग म्हटलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीचं नाव वापरलं की अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते. प्रकाशकाने पुढच्याच अंकात माफी मागितली होती, तो सुटला. कवीने आपलं म्हणणं खटल्यात मांडावं, असा आदेश झाला. अंक निघून तेव्हा वीस वर्षं उलटली होती.

माझं मत विचाराल तर ही कसोटी घातक आहे. आदरणीय कोण, याची यादी ज्याच्या त्याच्या गल्लीत वेगळी. आणि गांधींना स्वतःवरच्या टीकेचं, टवाळीचं वावडं नव्हतं. ते संरक्षण मागायला गांधी चौकात नक्कीच आले नसते.

पालघरच्या मुलींवर आधी लावलेलं 295अ तर कधीच कुठे गेलं नाही. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते 299 झालं, 292 चं 294. नंबर बदलले, घर तेच.

[दृश्य : पुन्हा कायद्याचं पुस्तक.]

आणि 66अ? ते तरी गेलं ना?

5 जुलै 2021. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात सांगते की रद्द झालेल्या या कलमाखाली 11 राज्यांत अजून 745 खटले चालू आहेत. निकालानंतरही नवे गुन्हे नोंदले जात होते, आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. समोर बसले होते न्यायमूर्ती नरिमन. स्वतः लिहिलेल्या निकालाची ही गत ऐकून ते हादरले. अॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी कारण सांगितलं. पुस्तकात कलम जसंच्या तसं छापलेलं असतं. ते रद्द झाल्याचं फक्त तळटिपेत असतं. गुन्हा नोंदवणारा पोलीस कलम बघतो, तळटीप कोण बघतं?

ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं : या कलमाखाली कुणावर खटला चालवायचा नाही, आणि जिथे ते छापाल तिथे ते घटनाबाह्य असल्याचं वाचकाला नीट कळू द्या.

[दृश्य : पानाच्या तळाशी बारीक अक्षर. कॅमेरा जवळ जातो. चष्मा पुसणारा हात. पुन्हा वाचण्याचा प्रयत्न.]