माठावरचं फुलपात्र

(दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागाची शेड, खटखटाट. कोपऱ्यात पाण्याचा माठ.)

माठावर झाकण, झाकणावर स्टीलचं फुलपात्र. सगळी शेड हादरत असते, पण ते गप्प असतं. तीन नंबरचा माग सुरू झाला की मात्र झिणझिणायला लागतं. त्या मागाचा ठेका त्याला नेमका लागू पडतो. त्यात दोन घोट पाणी ठेवलं की आवाज बंद. कामगारांना एवढं पुरतं.

आपल्याला नाही पुरत. आपल्याला एका रेणूएवढ्या चुंबकात, कोणता माग कोणाला झिणझिणवतो, ते ओळखायचंय.

(दृश्य : रेणूची आकृती)

हा मँगनीजच्या बारा अणूंचा रेणू. 1980 साली पोलंडच्या तादेउश लिस यांनी तयार केला. बाहेरच्या कड्यात आठ अणू, प्रत्येकाचा स्पिन, म्हणजे चुंबकपणाचं माप, दोन. आत चार, प्रत्येकाचा दीड, तोही उलट्या दिशेचा. आठ दुणे सोळा, चार दिढे सहा, उरले दहा. दिडकीचा पाढा शाळेतून गेला, इथं उपयोगी पडला!

1993 साली फ्लोरेन्सच्या रोबेर्ता सेसोली, दान्ते गातेस्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा एकटा रेणूच लोहचुंबकासारखा दिशा धरून ठेवतो. 2 केल्विनला, म्हणजे उणे 271 अंशांना, महिनाभराहून जास्त. 4 केल्विनला जेमतेम सेकंदभर. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या घरात असतो, तेव्हा बोलायलाच नको.

दिशा विसरायला लावतात ती कंपनं. रेणूतले बंध ताणतात, वाकतात, अख्खा स्फटिक थरथरतो. पण शेडमधल्यासारखंच इथंही सगळेच माग दोषी नसतात. चुंबकाच्या दोन ऊर्जा-पातळ्यांमधलं अंतर ज्या कंपनाच्या ऊर्जेशी जुळतं, ते जास्त त्रास देतं.

ते ओळखायचं कसं?

(दृश्य : लेझरचा हिरवा ठिपका, पडद्यावर वर्णपट)

रेणूवर लेझर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचा प्रकाश किती त्याचा आलेख, घ्यायचा. हाच रामन परिणाम, 1928चा. पडद्यावर शिखरं दिसतात, पण कंपनाचं कुठलं आणि चुंबकाचं कुठलं, हे दिसून कळत नाही. म्हणून बाहेरून चुंबकीय क्षेत्र वाढवत न्यायचं. कंपनाचं शिखर जागचं हलत नाही, चुंबकाचं सरकत जातं. फुलपात्रात पाणी ओतल्यावर त्याचा सूर बदलतो, मागाचा ठेका बदलत नाही, तसंच.

खरी गंमत दोन्ही जवळ आली की. एकमेकांना ओलांडून जायचं सोडून ती दूर सरतात, आणि दोघांत एकमेकांचे गुण उतरतात. म्हणजे दोघांचं साटंलोटं पकडलं गेलं. 2018 साली कोबाल्टच्या एका रेणूत हे असंच टिपलं गेलं : मधे कोबाल्ट, भोवती सहा ऑक्सिजन.

दुसरी युक्ती मागाच्या, म्हणजे कंपनांच्या बाजूची. हायड्रोजन काढून ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, घालायचा. तो दुप्पट जड, त्यामुळे कंपनं मंदावतात, आणि कोणतं शिखर कोणाचं ते पुन्हा ताडून पाहता येतं.

(दृश्य : शेड. एक कामगार फुलपात्रातलं पाणी पितो, रिकामं झाकणावर ठेवतो. तीन नंबरचा माग सुरू होतो. झिणझिण.)