चीक आणि दाणा

[दृश्य: धारावी, तेरा कंपाउंड. दुधाच्या पिशव्यांचा ढीग.]

ही दुधाची पिशवी बघा. कोपरा कापलाय, पण तुकडा अजून लोंबतोय. आतल्या बाजूला दुधाचा थेंब सुकून पिवळा पडलाय. घरातून रद्दीवाल्याकडे, तिथून गोदामात, गोदामातून इथे. धुवायची, वाळवायची, ग्राइंडरला द्यायची, वितळवून दोरी ओढायची आणि दोरीचे बारीक तुकडे करायचे. धंद्यात याला म्हणतात दाणा. छपाईची शाई यातच विरघळलेली, म्हणून रंग राखाडी. पण तो आहे अस्सल पॉलिथिलीन, आणि हे लोक त्याला कचरा म्हणत नाहीत. आपणच म्हणतो.

[दृश्य: चुलीवर पातेलं. चीक ढवळणारे हात.]

आणि हा चीक. ज्यांनी घरी कुरडया घातल्यात त्यांना सांगायला नको. पाण्याबरोबर तापला की पळी जड लागायला लागते, पांढरा रंग जातो आणि चीक काचेसारखा चकाकतो. म्हणजे चिकातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगले आणि फुटले. प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर हेच करतात, फक्त बहुतेक पाण्याच्या जागी ग्लिसरिन असतं आणि पळीच्या जागी मशीनचा स्क्रू. असा शिजलेला स्टार्च प्लास्टिकसारखा वितळतो, साच्यातही बसतो.

मग हा स्टार्च दाण्यात मिसळायला अडचण काय?

[दृश्य: द्रव नायट्रोजनची वाफ. चिमट्यात पट्टी.]

उणे 196 अंश. दाणा आणि स्टार्च नुसते मिसळून केलेली पट्टी बुडवली, बाहेर काढली, पापडासारखी मोडली. मोडलेल्या कडेवर सोन्याचा पातळ मुलामा चढवून ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायची.

[दृश्य: मायक्रोस्कोपची पहिली प्रतिमा.]

डाळिंबाचे दाणे काढल्यावर सालीत राहतात, तशा या खोबणी. इथे स्टार्चचे गोळे होते. पट्टी मोडताना ते अलगद निघून आले, कारण प्लास्टिकने त्यांना धरलंच नव्हतं. पॉलिथिलीन पाण्याला उभं करत नाही, स्टार्च पाण्यावाचून राहत नाही. हे कोडं जुनंच आहे. 1970च्या दशकात इंग्लंडमध्ये जेराल्ड ग्रिफिन यांनी प्लास्टिकमध्ये स्टार्च घालण्याचे प्रयोग केले, आणि अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरियातल्या प्रयोगशाळेने दोघांना जोडायला इथिलीन-ॲक्रिलिक ॲसिड नावाचं तिसरं प्लास्टिक वापरलं.

[दृश्य: एक्स्ट्रूडर, म्हणजे माल वितळवून दोरी काढणारं मशीन. त्याच्या तोंडाशी दाणे पडताना.]

इथे जोडायला आहे मॅलेइक ॲनहायड्राइड नावाचं रसायन, आधीच पॉलिथिलीनच्या लांब रेणूवर, म्हणजे साखळीवर, कलम केलेलं. आंब्याचं करतात तसंच कलम. साखळी दाण्यातल्या साखळ्यांत गुंतते, आणि कलम केलेलं टोक स्टार्चच्या हायड्रॉक्सिल गटाला, म्हणजे त्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीला, धरतं. लागतंही थोडंच. पण सगळा माल आधी नीट वाळवलेला हवा. ओल राहिली तर हे टोक स्टार्चला सोडून पाण्यालाच धरून बसतं, आणि वाफेचे बुडबुडे दोरीभर दिसतात.

तापमानाचं तर विचारूच नका. 150 अंशांच्या आसपास काम छान चालतं. फार वर गेलात की स्टार्च करपतो, आणि मशीनला करपल्या भाकरीचा वास येतो. त्यात जुना दाणा उन्हातान्हातून, दोनदोनदा वितळून आलेला. त्याच्या साखळ्या कुठे तुटलेल्या, कुठे ऑक्सिजन चिकटलेला. एक पोतं दुसऱ्यासारखं वागत नाही. नव्या दाण्यावर जमलेली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही, ती दर पोत्याला हातानेच जमवावी लागते.

[दृश्य: दोरी पट्ट्यावरून सरकते. वर पंखे.]

एरवी ही गरम दोरी पाण्याच्या हौदातून काढतात. इथे हौद नाही, कारण स्टार्च पाणी पिऊन बसेल. म्हणून नुसता पंख्याचा वारा.

[दृश्य: मायक्रोस्कोपची दुसरी प्रतिमा.]

आता खोबणी शोधा.

गोळे बारीक झालेत. त्यांच्या कडा प्लास्टिकमध्ये मुरल्यात, मोडतानाही सुटल्या नाहीत.

[दृश्य: रोपवाटिकेतले ट्रे.]

मातीत यातला स्टार्च जिवाणू खातात, पॉलिथिलीन मागे राहतं, त्यामुळे याला कम्पोस्टेबल, म्हणजे पूर्ण कुजून खत होणारं, म्हणता येत नाही. जिथे वस्तू परत गोळा होते तिथेच हा माल वापरायचा, उदाहरणार्थ रोपांचे ट्रे.

[दृश्य: ताण मोजणारं मशीन. दोन्ही टोकांना पकडलेली पट्टी.]

ही जोड नसलेली पट्टी. मशीन सुरू झालं आणि लगेच, टक्.

ही दुसरी. मधली कंबर बारीक होत चाललीय, राखाडी रंग पांढरट पडतोय.

अजून ताणली जातेय.