पडद्याआडून दिसलेलं मूल

समोरच्या फोटोत हे जे मेणाचं डोकं दिसतंय, ते पाहताना पहिल्यांदा अडखळायला होतं. नाक कुठे संपलं आणि गाल कुठून सुरू झाला, सांगता येत नाही. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोलगट सावल्या. मागच्या रांगेतून आत्ता कुणीतरी विचारलं, "हे अर्धवट राहिलंय का?" नाही. शिल्पकाराला जिथे थांबायचं होतं तिथेच तो थांबलाय, आणि मला आज त्या थांबण्याविषयीच बोलायचंय.

शिल्पकाराचं नाव मेदार्दो रोस्सो. जन्म १८५८चा, इटलीतल्या तुरीनमधला. मिलानच्या ब्रेरा कला अकादमीतून १८८३ मध्ये त्याला काढून टाकलं, १८८९ मध्ये तो पॅरिसला गेला. बाकी चरित्र राहू द्या. आपण थेट १९०६ च्या लंडनमध्ये जाऊ. मॉन्ड नावाच्या श्रीमंत घराण्याने आपल्या लहानग्या आल्फ्रेडचं व्यक्तिशिल्प त्याला सांगितलं होतं. काम काही केल्या जमेना. मग एकदा घरात माणसं जमलेली असताना पडद्याआडून डोकावणारा तो मुलगा रोस्सोला क्षणभर दिसला, आणि त्याने रात्रभर बसून हे डोकं घडवलं, असं सांगतात. नाव दिलं 'एक्चे पुएर', लॅटिनमध्ये 'हा पाहा मुलगा'.

आता कपाळाकडे नीट बघा. वरून खाली उभ्या, बारीक पन्हळी उतरल्यात. त्या केसांवरून, पापण्यांवरून, गालावरून जातात, थेट हनुवटीपर्यंत. या पडद्याच्या चुण्या आहेत. चेहरा आधी घडवला आणि त्यावर कापड पांघरलं, असं इथे झालेलं नाही. चेहरा, कापड आणि मधला उजेड एकाच लगद्यातून आलेत. जिवणी तेवढी जराशी स्पष्ट आहे. पाहुण्यांसमोर यायला लाजणारं मूल दाराच्या पडद्यात तोंड खुपसून उभं असतं, तेव्हा आपल्याला तरी कुठे त्याचं नाक-डोळे दिसतात? तरी ते आपलंच पोर आहे हे एका नजरेत कळतं. रोस्सोने ती नजर घडवली.

याच्या दहाच वर्षं आधी, १८९६ मध्ये, मुंबईत गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली होती. तिच्या नऊवारीची एकेक चुणी आतल्या शरीराची ठेवण सांगते. तेही अस्सल शिल्प आहे, मी दोघांना एकमेकांसमोर उभं करत नाही. पण तिथे वस्त्र आपल्याला शरीरापर्यंत नेतं, इथे ते आपल्या आणि चेहऱ्याच्या मध्ये येतं, आणि मध्ये येऊनच चेहरा दाखवतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

आणि माध्यम? मेण. आपल्याकडे मधूच्छिष्ट पद्धतीने पंचरशी मूर्ती ओततात, त्यात मेण हा मधला टप्पा असतो. भट्टीत ते वितळून निघून जातं आणि त्याची जागा धातू घेतो. रोस्सोने अनेकदा त्या मधल्या टप्प्यालाच शिल्प मानलं. वर मेणाचा थर, आत प्लास्टरचा भराव. मेणावर पडलेला उजेड थोडा आत मुरतो, त्वचेत मुरतो तसा. म्हणून मुलांचे चेहरे त्याला मेणात इतके साधले. 'आजारी मूल' या शिल्पातलं खांद्याकडे कललेलं डोकं पाहा, तापाने जड झालेली मान हाताला जाणवते.

शिल्पाला प्रदक्षिणा घालायची, ही आपली सवय. इथे ती उपयोगी नाही. रोस्सोच्या शिल्पांची पाठ बहुतेक वेळा ओबडधोबड, पोकळ. त्याच्या मते पाहण्याची जागा एकच, आणि उजेडही ठरलेला. ती जागा दाखवण्यासाठी तो स्वतः आपल्या शिल्पांचे फोटो काढायचा, ते कापायचा, पुन्हा त्यांचे फोटो घ्यायचा.

या मुलानंतर त्याने नवा विषय जवळजवळ घेतलाच नाही. १९२८ मध्ये तो मिलानमध्ये वारला. मधली वीसेक वर्षं जुनीच डोकी पुन्हा पुन्हा ओतत राहिला, मेणात, प्लास्टरमध्ये, ब्राँझमध्ये. प्रत्येक प्रत वेगळी निघायची आणि त्याला ती तशीच हवी असायची.

दिवे जरा मंद करा. पुढचा फोटो याच मुलाचा, फक्त ब्राँझमधला. चुण्या त्याच आहेत. आता उजेड आत मुरत नाही, वरच्यावर घसरतो. गालापाशी बघा.