पॉइंट सात होतच नाही, सर!

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'वर्गासाठी ऑनलाइन साधनं कशी निवडावीत', आणि तो मी घेणारच आहे. पण त्याच्या आधी बरीच वर्षं डोक्यात घोळणारी एक गोष्ट तुमच्यापुढे मांडायचीय, कारण एवढे शिक्षक एका हॉलमध्ये, आणि कुणाच्या हातात भरायचा तक्ता नाही, असा योग रोज येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की वर्गात वापरायच्या साधनानं मला मुलाची चूक दाखवली पाहिजे. बरोबर उत्तर दाखवणारी साधनं ढिगानं आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ येतो, दीक्षा ॲपवर पाठ आहे, यूट्यूबवर तर एका धड्याचे पन्नास व्हिडिओ. त्यांचा उपयोग आहे, मीही वापरतो. क्यूआर कोडचं म्हणाल तर परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांचं पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम इथे नव्यानं सांगायला नको, सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतला माणूस 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज घेतो आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकतो, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. व्हिडिओ संपल्यावर चाळीस डोक्यांत काय शिल्लक राहिलं हे मला कळतं का? व्हिडिओ चालू असताना वर्ग शांत असतो, तपासणीला आलेले साहेब खूश होतात, पण त्या शांततेत कोण कुठे अडकलंय ह्याचा पत्ता लागत नाही.

आणि आपल्याला ट्रेनिंग कसलं मिळतं? मी बसलेल्या एका प्रशिक्षणात एका दिवसात पंचवीसेक ॲप दाखवली. हे डाउनलोड करा, इथे लॉगिन करा, आता स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका. संध्याकाळी ग्रुपवर शंभर स्क्रीनशॉट जमले आणि कार्यक्रम यशस्वी झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं काय करायचं, कुठल्या धड्याला, कुठल्या अडचणीवर, हे कुणीच बोललं नाही. ह्याचा मला खरंच राग येतो, कारण शिक्षकाचा दिवस आणि उत्साह दोन्ही त्यात जातं, आणि मग तंत्रज्ञान म्हटलं की चांगले चांगले शिक्षक हात वर करतात. आमच्याकडे तर वर पठारावर पवनचक्क्या फिरतायत आणि खाली शाळेत दुपारी लाईट नाही. अशा ठिकाणी साधन निवडताना विचार करावाच लागतो.

तर आता तो दशांश अपूर्णांकांचा किस्सा सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

सहावीचा वर्ग. फळ्यावर प्रश्न लिहिला, 0.7 मोठा की 0.65? असा प्रश्न तोंडी विचारला की काय होतं तुम्हाला माहितीय. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी हात वर करते, तिचा हात कुठल्या बाजूला आहे बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा, आणि अर्ध्या मिनिटात अख्ख्या वर्गाला दशांश अपूर्णांक येतात. मास्तर पुढच्या पानावर.

त्या दिवशी मी प्लिकर्सची कार्डं वाटली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही साध्या कागदावर छापलेली कार्डं असतात, मधोमध काळा चौकटीचौकटीचा आकार, प्रत्येक कार्डावर वेगळा, आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं अगदी बारीक छापलेली. मुलानं आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर ते फोनमध्ये येतं. मुलांकडे फोन लागत नाही, वर्गात मिळून एक फोन बास. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षर इतकं बारीक आणि प्रत्येकाचा आकार इतका वेगळा की शेजारच्यानं काय उत्तर दिलं हे बघून कळत नाही. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचंच उत्तर द्यावं लागतं.

चार पर्याय दिले होते: 0.7 मोठा, 0.65 मोठा, दोन्ही सारखे, सांगता येत नाही. फोन फिरवला तर निम्म्याहून जास्त वर्ग 0.65 वर. सातपेक्षा पासष्ट मोठे, त्यांचं सरळ आहे, स्थानिक किंमत दशांश चिन्हाच्या पलीकडे गेलेलीच नाही. ही चूक गणित शिकवणाऱ्या प्रत्येकानं पाहिलीय, तिच्यासाठी मी तयार होतो. पण मागच्या बाकावरच्या एकानं चौथा पर्याय धरलेला, सांगता येत नाही. हा पोरगा एरवी तोंड उघडत नाही. त्याला म्हटलं, का रे बाबा, का सांगता येत नाही? तर म्हणाला, "सर, पॉइंट सात होतच नाही. पॉइंट सहा झाला की ओव्हर संपते."

वर्ग हसला, तुम्हीही हसताय, आणि हसावं असंच आहे ते. पण थांबा जरा, त्या मुलाचं काय चुकलं? त्यानं आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला पॉइंट हा टीव्हीवरचा ओव्हरचा पॉइंट आहे. 4.1, 4.2, असं करत 4.5, आणि पुढच्या चेंडूला 5. त्याच्या जगात पॉइंट सात खरंच नाही. त्याला कुणी सांगितलंय का की तिथला पॉइंट दशांशाचा नसून चेंडू मोजायची खूण आहे म्हणून? मी नव्हतं सांगितलं, पुस्तकात नव्हतं, व्हिडिओतही नव्हतं. पूर्वी आपण पैशांवरून शिकवायचो, पासष्ट पैसे आणि सत्तर पैसे, झालं काम. आता 25 पैशाचं नाणं 2011 च्या जूनअखेर चलनातूनच गेलं, आजच्या सहावीतल्या मुलानं पैसा हातात धरलेला नाही. त्याला पैशाचं उदाहरण देणं म्हणजे न पाहिलेल्या वस्तूवरून न समजलेली वस्तू शिकवणं.

पुढे मी काहीच केलं नाही, वर्गानंच केलं. एक मुलगी उठली, म्हणाली, डेअरीत पॉइंट नऊपर्यंत जातो. ही रोज सकाळी दूध घालायला जाते, तिच्या हातात पावती येते, लिटर, फॅट, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. 3.9 च्या पुढे 4.0 लागते हे तिला तोंडपाठ, आणि फॅट एका पॉइंटनं उतरली की दर कमी होतो हेही, कारण घरी त्याच्यावरून बोलणी बसतात. मग वर्गात दोन पक्ष पडले, क्रिकेटवाले आणि डेअरीवाले. अशी चर्चा मी कधी ऐकली नव्हती. पोरं सांगत होती की क्रिकेटमध्ये सहा झाले की हातचा घेतात आणि डेअरीत दहा झाले की. सहावीची पोरं, हातच्याचं मूळ सांगतायत!

मग फळ्यावर स्कोअरबोर्ड काढला. 36 धावा, 4.3 ओव्हर. म्हटलं रनरेट काढा. कॅल्क्युलेटरवर 36 भागिले 4.3 केलं तर 8.37 येतात, पण टीव्हीवर रनरेट 8.00 दाखवतील. का? पाच-सात मिनिटं गोंधळ. मग त्या मागच्या बाकवाल्यानंच सोडवलं, सर ते साडेचार आहेत. बरोबर, चार ओव्हर तीन चेंडू म्हणजे सत्तावीस चेंडू, म्हणजे साडेचार ओव्हर, म्हणजे खरं दशांशात 4.5, आणि 36 भागिले 4.5 बरोबर 8. टीव्हीच्या एकाच पट्टीवर दोन पॉइंट, ओव्हरचा वेगळा, रनरेटचा वेगळा. हे आपण सगळे रोज बघतो. नंतर स्प्रेडशीटमध्ये मुलांनीच ओव्हरचं चेंडूत रूपांतर करायचं सूत्र बसवलं, तेव्हा लॅपटॉपभोवती सगळा वर्ग होता.

त्यानंतर तोच प्रश्न परत, तीच कार्डं. बहुतेक सगळे 0.7 वर. काही मुलं अजून 0.65 वरच होती, ती कोण हे फोनमध्ये दिसत होतं, मधल्या सुट्टीआधी त्यांच्याबरोबर टेप घेऊन बसलो, सात दशांश मीटर आणि पासष्ट शतांश मीटर जमिनीवर आखले.

आता आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग परत उत्तर द्यायचं, ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्डमध्ये एरिक माझुर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक 1991 पासून हेच करत आलेत. त्यांच्यापुढे जगातली निवडक मुलं, तरी त्यांना कळलं की मुलं गणितं सोडवतात पण साध्या प्रश्नात अडकतात, आणि नुकतंच समजलेला मुलगा शेजाऱ्याला प्राध्यापकापेक्षा चांगलं समजावतो, कारण अडचण कुठे होती हे त्याच्या ताजं लक्षात असतं. तिथे त्यासाठी क्लिकर, म्हणजे उत्तराचं बटण दाबायचं छोटं यंत्र, आपल्याकडे कागदाची कार्डं. पण बघा, कार्डानं किंवा फोननं पॉइंट सहाची गोष्ट सांगितली नाही, सांगितली मुलानं. फोननं मला एवढंच दाखवलं की ह्या मुलाला विचार. चूक दाखवून साधन बाजूला झालं पाहिजे, पुढचा तास माणसांचा.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, मग पत्रिकेवरचा विषय झटपट घेतो, लिहून घ्यायचं तर घ्या.

साधन हातात घेतल्यावर मी आधी बघतो की एका फोनवर आणि कमकुवत नेटवर ते तग धरतं का. कहूट हे प्रश्नमंजुषेचं ॲप चांगलं आहे, पोरांना आवडतं, पण त्यात सहसा प्रत्येकाला किंवा प्रत्येक गटाला एक स्क्रीन लागते आणि लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. सावकाश विचार करणाऱ्या मुलाचं त्यात नुकसान आहे, म्हणून उजळणीला वापरा, नवीन संकल्पनेला नको. फेट मात्र नक्की बघा, त्यात विज्ञान-गणिताचे प्रयोग स्क्रीनवर करून बघता येतात, कोलोराडो विद्यापीठाचं आहे, नोबेल मिळालेले कार्ल वीमन ह्यांनी 2002 मध्ये सुरू केलं, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि फाइल एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात. विजेच्या मंडलाचं घ्या. मुलाला सांगा की आधी वहीत लिही बल्ब लागेल का, मग जोडून बघ. वहीत लिहायला लावलं नाही तर पोरं नुसती बटणं दाबत बसतात, हे मी शपथेवर सांगतो.

भूमितीला जिओजेब्रा, फुकट आहे. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत राहायचं आणि मुलांना विचारायचं की काय बदलतंय आणि काय बदलत नाही. वाचनाला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, 2015 पासून आहे, गोष्टी उतरवून छापता येतात, पातळ्या दिलेल्या आहेत, आणि परवाना खुला असल्यामुळे आपल्या मुलांच्या बोलीत तुम्ही स्वतः भाषांतर करून चढवू शकता. आदिवासी पट्ट्यातल्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. गूगलचं रीड अलाँग मूल मोठ्यानं वाचतं ते ऐकून कुठे अडखळलं ते दाखवतं, मराठीतही आहे, फक्त एका वेळी एक मूल बाजूला बसवा, वर्गाच्या गलक्यात ते गोंधळतं. एआयचं सगळे विचारतात. प्रश्न काढायला घ्या मदत, पण चुकीचे पर्याय त्याच्याकडून घेऊ नका, ते आपल्या मुलांच्या वह्यांमधून उचला. ओव्हरवाला पर्याय कुठल्या यंत्रानं सुचवला असता?

आणि हे घाईत सांगतोय पण हलकं घेऊ नका, मुलांची माहिती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. मी कुठल्याही ॲपमध्ये मुलाचं नाव घालत नाही, नुसता हजेरी क्रमांक. फोटो नाही, आधार तर नाहीच, जन्मतारीख नाही. जे ॲप मुलाच्या ह्या गोष्टी मागतं ते माझ्या वर्गात येत नाही, कितीही भारी असू दे.

मागून मॅडम विचारतायत, कार्डं टिकतात का. जाड कागदावर छापा. लॅमिनेशन करायचं तर चकाकणारं नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकार दिसत नाही, मॅट घ्या. पोरं बोटानं आकार झाकतात, त्यांना कडा धरायला शिकवा. प्लिकर्सच्या फुकट खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, पण एका तासाला दोन चांगले प्रश्न झाले तरी भरपूर आहेत.

एक संच मी आणलाय, पुढच्या रांगेतून मागे फिरवा. आणि चहाला जायच्या आधी प्रत्येकानं एका कागदावर आपल्या विषयातला एक असा प्रश्न लिहून द्या की ज्यात तुमची मुलं हमखास चुकतात, आणि खाली ती जी चुकीची उत्तरं देतात ती त्यांच्याच शब्दांत, सुधारून नको. इतिहास, मराठी, भूगोल, काहीही चालेल. मी सगळे टाइप करून ग्रुपवर टाकतो, सोमवारी वर्गात वापरता येतील.