दंगल तपासणारा इंजिनिअर

नमस्कार, श्रोतेहो.

आमचे मामा सुताचे दलाल. ठाण्याहून रोज कशेळीच्या पुलावरून भिवंडीला जायचे. मे १९८४ मध्ये तिथे हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, माग जळाले, आणि मामा घरी बसले. चाळीत जो तो म्हणे, ‘धर्माचं भांडण, ते मिटायचं नाही.’

हे वाक्य ज्यांना कधीच पटलं नाही, त्या डॉ. असगर अली इंजिनिअर यांच्याविषयी आज बोलायचंय. आडनाव इंजिनिअर, आणि खरोखरच इंजिनिअर! मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनिअर होते. जन्म १९३९ चा, राजस्थानातल्या सलुंबरचा. वडील मुस्लिमांतल्या बोहरा समाजाचे आमिल, म्हणजे धर्मगुरूंचे गावातले प्रतिनिधी, त्यामुळे अरबी आणि कुराणाचे धडे घरातच मिळाले. १९६१ मध्ये जबलपूरला दंगल झाली तेव्हा ते विद्यार्थी होते. ती त्यांच्या मनातून गेली नाही.

पडलेल्या भिंतीपाशी इंजिनिअर काय करतो? पाणी कुठून मुरलं ते बघतो. यांनी दंगलीचं तेच केलं. गावात जायचं, माणसांशी बोलायचं, धंद्यातली चढाओढ, निवडणुकीची गणितं, अफवा कुठून सुटली, सगळं तपासायचं. भिवंडीच्या दंगलीवरही त्यांनी असंच काम केलं. पण म्हणून धर्म बाजूला ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. कुराणातले चार शब्द ते पुन्हा पुन्हा सांगत: अद्ल, एहसान, रहमा, हिकमा. म्हणजे न्याय, उपकार, करुणा, शहाणपण. स्वतःच्या समाजातल्या धर्मगुरूंच्या सत्तेलाही त्यांनी हाच न्याय लावला, आणि त्याची किंमत मोजली. मला त्यांचं हे धाडस जास्त मोठं वाटतं. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासोबत त्यांना राइट लाइव्हलीहुड, म्हणजे ‘पर्यायी नोबेल’ म्हणतात तो पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये मुंबईत ते गेले.

भिवंडीत पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली.

दंगल निवल्यावर मामा पहिल्यांदा भिवंडीला गेले, त्या दिवसाचं ते नेहमी सांगत. मागवाल्याने जळक्या शेडमधून उधारीची वही काढली. कडा काळ्या पडलेल्या, मामांच्या नावाचं पान अर्धं गेलेलं. तो म्हणाला, ‘दलालसाब, आपका कितना बाकी था? आप ही बोलो.’ मामांनी आकडा सांगितला. त्याने तो कोऱ्या पानावर तसाच लिहून घेतला.